उलटवलेली कॉलर

गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला मास्तरीणबाईंच्या दुकानाचं शटर खाली यायचं. मग नवरदेवाचा कोट का अडकून पडलेला असेना. दारात उभ्या गिऱ्हाइकाला त्या सांगायच्या, आज कात्रीला सुट्टी, उद्या या. बोलण्यात कसली दिलगिरी नसायची. चाळीस वर्षं जिनं अख्ख्या वस्तीची मापं नजरेनं घेतली आणि टेप नुसती गळ्यात शोभेला ठेवली, तिनं कोणाची मनधरणी कशाला करायची? कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. इथं कापणारी बाई निघाली, म्हणून लोकांनी मास्तरीण म्हटलं. शाळेची पायरी दुसरीनंतर चढल्या नव्हत्या, पण त्यांच्या हाताखालून गेलेला कोट दहा वर्षं खांद्यावरून हलत नसे. शिकल्यासवरलेल्यांचं लिहिलेलं तरी किती टिकतं?

तर गुरुवारी सिनेमा. रस्त्याच्या टोकाला जुनं थिएटर होतं, तिथला दुपारचा खेळ. बरोबर तिघी मैत्रिणी. एक नर्स, नोकरीतून मोकळी झालेली, पण कोणी शिंकलं तरी अजून त्याच्या कपाळाला हात लावायला धावणारी. दुसरी बेकरीवाली. ती पहाटे तीनला भट्टीपाशी उभी राहायची, त्यामुळे मध्यंतरापर्यंत सिनेमात घोरायची आणि मत मात्र अख्ख्या सिनेमावर द्यायची. तिसरी टपालवाली. पस्तीस वर्षं पत्रं वाटली होती तिनं, तेव्हा तिला गोष्टीचा पत्ता नीट लागायचा. कोण कुठून निघालं आणि कुठं पोचलं, त्यात मधे काही गहाळ झालं की ती पडद्यावरच्या माणसालासुद्धा सोडायची नाही.

चौघींचा सिनेमा एक, पण बघणं चार तऱ्हांचं. नर्स मरणारे मोजायची आणि छातीत गोळी लागल्यावर कोणी एवढं भाषण करत नाही म्हणून कुरकुरायची. मास्तरीणबाई कपडे बघायच्या. नायक रडला काय नि हसला काय, त्यांचं लक्ष त्याच्या बाहीवर. बाही पुढं ओढत असली की त्या पुटपुटायच्या, रडेल नाहीतर काय, काखेत काचतंय त्याला.

सिनेमा सुटला की चौघी दुकानात यायच्या. शटर अर्धं वर, मागं स्टोव्हवर चहा, आणि कापणीच्या लांब टेबलाभोवती चार स्टुलं. मग खडूचा कार्यक्रम. पूर्वी काय व्हायचं, मास्तरीणबाई पहिल्या बोलायच्या आणि बाकीच्या माना डोलवायच्या. एकदा नर्स चिडली. म्हणाली, तू तोंड उघडलंस की आमचं मत आपोआप शिवून तयार होतं, आम्ही काय तुझ्या मशीनच्या बाबिनी आहोत? तेव्हापासून हा नियम. प्रत्येकीनं कापडावर खुणा करायचा चपटा खडू घ्यायचा, डाव्या हाताच्या आडोशानं टेबलावर आपलं मत काढायचं, वर हात झाकायचा. आवडलं तर सरळ रेघ, नाही आवडलं तर फुली. चारी हात एकदम वर. उघडी पडलेली खूण पुसायची नाही. ती शुक्रवारी सकाळी पहिलं कापड अंथरताना पुसली जायची.

आणि अजून एक नियम होता, तो नर्समुळे आला. तिच्या दिराचा मुलगा एका सिनेमात शिपाई झाला होता. दोन वाक्यं होती त्याला. तिघींनी मुलाहिजा ठेवून रेघा काढल्या आणि मास्तरीणबाईंच्या हाताखालून निघाली फुली. गणवेशाचा खांदा चार बोटं उतरला होता म्हणे. नर्स पाच गुरुवार दुकानाच्या समोरून नाक वर करून गेली. सहाव्या गुरुवारी स्वतःच आली. तेव्हा ठरलं, इथं नातं चालायचं नाही. खडू काकाला ओळखत नाही की पुतण्याला. मास्तरीणबाईंना त्या फुलीचा अभिमान होता. त्या चारचौघांत सांगायच्या, माझी रेघ आजवर एकदाही वाकडी गेली नाही, कापडावर नाही आणि टेबलावरही नाही.

आता ही गोष्ट ज्या गुरुवारची, त्या दिवशी टेबलापाशी पाचवं स्टूल होतं. त्यावर नात बसणार होती, लेकाची लेक.

ही पोर त्याच टेबलाखाली रांगली. सातव्या वर्षी काज करायला लागली, तेही असं की बटण आपणहून आत शिरावं. पंधराव्या वर्षी तिनं अख्खा कोट उभा केला. मास्तरीणबाईंनी तेव्हाच मनात गाठ मारली होती, की ही माझ्यामागं कात्री धरणार. आणि विसाव्या वर्षी ही बया म्हणाली, मी सिनेमाच्या कपड्यांचं काम शिकायला जाते. घरात तीन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. खऱ्या माणसांचे कपडे शिवायचे सोडून खोट्या माणसांचे शिवायला निघालीस, एवढं एकच वाक्य आजी बोलली, पण ते भरजरी होतं. पोरही त्याच वाणाची. जाताना टेबलावरचा खडू उचलून तिनं आजीच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, माझ्या एकटीच्या हातचे कपडे असलेला पहिला सिनेमा लागला की तो तू बघ आणि माझ्या कामाचा खडू मार. फुली मारलीस तर गुपचूप परत येईन. जन्मभर या टेबलाशी उभी राहीन, तक्रार करणार नाही.

त्याला तीन वर्षं झाली. तो सिनेमा आता लागला होता.

मधल्या काळात मास्तरीणबाईंनी कोणाला सांगितलं नव्हतं अशा दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे सुईत दोरा आता पहिल्या झटक्यात जात नव्हता. गिऱ्हाईक समोर असलं की त्या पाठ वळवून ओवायच्या. आणि दुसरी म्हणजे कपाटामागं भिंतीकडे तोंड करून ठेवलेली नवी पाटी. 'मास्तरीण आणि नात' असं रंगवून घेतलं होतं. रंगाऱ्याकडून तीनदा वाचून घेतलं तेव्हा त्याला सोडलं. पोर परत येणार याची त्यांना एवढी खात्री होती. सिनेमाच्या कपड्याला फुली मारायला त्यांना चाळीस वर्षांत कधी फार शोधावं लागलं नव्हतं.

थिएटरात नर्स नेहमीप्रमाणे कडेला बसली, गुडघ्यासाठी. नात दुसऱ्या टोकाला. सिनेमा सुरू झाला, आणि झाला म्हणजे काय, चालूच राहिला. एक कारकून. त्याची नोकरी गेलेली. ते त्यानं बायकोपासून लपवलं, बायकोला दुसरीकडून कळलं, आणि तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढं तो माणूस काम मागत दारोदार फिरतो आणि घरी येऊन खिडकीतून बाहेर बघतो. पुन्हा फिरतो, पुन्हा खिडकी. बेकरीवालीनं नेहमीच्या वेळेच्या आधीच मान टाकली. नर्सनं कानाशी येऊन विचारलं, याला कोणी मारणार तरी आहे का? टपालवाली सुस्कारे टाकत होती.

मास्तरीणबाई मात्र ताठ बसल्या होत्या. त्या फुली शोधत होत्या, आणि ती त्यांना सापडलीही. कारकुनाच्या शेजारी राहणाऱ्या म्हातारीच्या जुन्या कोटाची खालची दुमड मशीनवर मारलेली होती. त्या काळच्या तसल्या कोटाला हातशिलाई असायची, बाहेरून टाका दिसायचा नाही. इथं तर टाक्यांची रांग ढळढळीत दिसत होती. मिळाली, असं त्या मनात म्हणाल्या. पोरगी घरी आली.

आणि मग कारकून शेवटच्या ठिकाणी मुलाखतीला गेला. अंगात तोच फिका निळा शर्ट, सबंध सिनेमाभर होता तो. पहिल्यापासून त्याच्या कॉलरची कड झिजून तंतू निघालेले होते, मास्तरीणबाईंनी ते कधीच टिपलं होतं. पण आता कॉलर धड होती. नवी नव्हती, धड होती. आणि बाकीच्या शर्टापेक्षा एक छटा गडद.

त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

जुनं कापड उन्हानं नि धुण्यानं विटतं, पण कॉलरची खालची बाजू झाकलेली असते, ती विटत नाही. वरची बाजू झिजली की कॉलर उसवायची, उलटी करायची, आणि गळ्याच्या पट्टीत पुन्हा शिवायची. शर्टाला अजून दोन वर्षं मिळतात. फक्त रंग एक छटा गडद दिसतो, तोही बघणाऱ्यालाच. आजकाल कोण करतं हे? कॉलर विरली की लोक शर्टाचं फडकं करतात. ही कला मास्तरीणबाईंना त्यांच्या आईनं दिली होती, आणि त्यांनी ती आयुष्यात एकाच पोरीला शिकवली होती, तिच्याच वडलांच्या शर्टावर.

पडद्यावर त्या कॉलरबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. कारकून खुर्चीत बसला, त्याची मान जरा वर आली, एवढंच. मग पुन्हा एकदा खिडकी आली आणि सिनेमा संपायला लागला. तशी नर्स उठली, कारण जिन्यावर गर्दी व्हायच्या आत तिचा गुडघा खाली न्यायचा असायचा. तिच्यामागून तिघी उठल्या, दर गुरुवारी उठायच्या तशाच. नात उठली नाही. ती अंधारात पडद्याकडे बघत बसली होती, आणि तिला का बसायचं होतं हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

दुकानात चहा झाला. बेकरीवालीनं आणलेली बिस्किटं कोणी फोडली नाहीत. नात पाचव्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. तिला खडू नव्हता, ज्याचं काम त्यानं मत द्यायचं नसतं. तिघींना तो जुना करार माहीत होता. नर्स तर त्याची वाटच बघत होती, दिराच्या मुलाचा हिशेब मनात ठेवून. आता बघूया बाईंचा खडू काय म्हणतो, असं ती चहात बघत म्हणालीसुद्धा.

खडू वाटले गेले. तिघींचे हात पटकन चालले.

मास्तरीणबाईंचा खडू टेबलावर टेकला आणि तिथंच राहिला. फुली मारणं किती सोपं होतं. सिनेमा कंटाळवाणा होता हे खरंच होतं. कोटाची दुमड चुकली होती हेही खरं. शेजारच्या तीन हातांखाली फुल्याच आहेत हे त्यांना खडूच्या आवाजावरून कळलं होतं, फुलीला खडू दोनदा घासतो. चौथी फुली पडली असती तर कोणाच्या भुवया उंचावल्या नसत्या. पोर सोमवारपासून समोर उभी राहिली असती, सुईत दोरा ओवून दिला असता, पाटी कपाटामागून निघाली असती. आणि रेघ मारली तर पोर कायमची जाणार, वर ज्या बाईनं नर्सच्या पुतण्याला फुली दिली तीच आपल्या नातीपुढं विरघळली, असं वस्तीभर होणार. एका रेघेत दोन्हीकडून तोटा.

पण खडू त्यांच्या हातात होता, आणि तो हात चाळीस वर्षांत खोटं बोलला नव्हता. खरी गोष्ट पुढं करून त्याआड खोटं लपवणं म्हणजे चांगल्या कापडाला आतून कुजकं अस्तर लावणं. असलं काम त्या गिऱ्हाइकाला देत नसत.

चारी हात वर गेले. तीन फुल्या. आणि मास्तरीणबाईंच्या पुढ्यात एक रेघ, वीतभर लांब, पट्टी लावून मारल्यासारखी.

नातीनं तीन फुल्या आधी पाहिल्या आणि तिची मान खाली गेली, त्यामुळे चौथी खूण तिला दिसलीच नाही. नर्सला मात्र तीच पहिली दिसली.

"वा," ती म्हणाली. "आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं. माझ्या पुतण्याचा खांदा चार बोटं उतरला होता काय?"

"उतरला होताच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "अजूनही उतरलेलाच आहे."

नात मान वर करून आता त्या रेघेकडे बघत होती. बेकरीवालीनं वातावरण निवळावं म्हणून बिस्किट पुढं केलं, ते कोणी घेतलं नाही. टपालवाली तशी भांडखोर नव्हती, पण नियमाची पक्की. रेघ मारणारीनं कारण सांगावं, असं ती म्हणाली. तिची स्वतःची तक्रारही साधी होती. नवराबायकोचं बोलणं बंद पडलं, इथपर्यंत गोष्ट नीट आली. मग शेवटी तो एवढ्या उमेदीनं मुलाखतीला बसतो कसा? बायकोनं त्याला पदरात घेतलं की नाही? ते पत्र कुठं तरी गहाळच झालं, दाखवलंच नाही.

"दाखवलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तू बघितलं नाहीस."

आणि त्यांनी सांगितलं. पहिल्या भागात कॉलर कशी विरलेली होती, शेवटी ती कशी उलटवलेली होती, कड कशी गडद होती. कारकुनाला सुई धरता येत नाही, त्याचं बटण तुटलं होतं तेव्हा त्यानं टाचणी लावली होती, आठवा. मग उलटवली कोणी? घरात दुसरं होतं कोण? तो झोपलेला असताना त्या बाईनं कॉलर उसवली, उलटी केली आणि शिवून खुंटीला लावून ठेवली, न बोलता. अबोला तोंडाचा होता, हाताचा नव्हता.

नर्सनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला, जसं काही सिनेमा अजून समोर चालू होता.

मग टपालवालीनं नातीला विचारलं, हे असं गोष्टीत लिहिलेलं होतं का. नातीनं मान हलवली. लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शकाला तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, कर हवं तर, पण कोणाला दिसणार आहे?

"मग?"

"मी म्हटलं, एकीला दिसेल." तिनं आजीकडे बघितलं नाही, टेबलाकडे बघत होती. "आजी, मला वाटलं तुझी फुली येणार. मी येताना सामान घेऊनच आलेय. मोठी पेटी बसस्टँडवर ठेवलीय."

मन भरून आलं की मास्तरीणबाई बोलणं तिखट करायच्या, ही त्यांची जुनी रीत.

"आणि त्या म्हातारीच्या कोटाची दुमड?" त्या म्हणाल्या. "मशीनवर मारलीस? लाज नाही वाटली? अख्ख्या थिएटराला टाके मोजता आले असते."

"तासाभरात शूटिंग होतं आजी."

"तासाभरात मी दोन कोट तुरपले असते. पेटी घे आणि जा परत. आणि पुढच्या सिनेमात असलं काही दिसलं तर फुली मारीन, मग रडत येऊ नकोस. आलीस तरी इथं तुला स्टूल नाही."

नात हसली आणि रडलीही, दोन्ही एकदम, लहानपणी बोटात सुई घुसल्यावर रडायची तशी. मास्तरीणबाईंनी टेपच्या टोकानं तिचे गाल टिपले आणि सवयीनं गळ्याचं मापही पाहून घेतलं. दोन बोटं वाळली होती पोर.

शुक्रवारी सकाळी कापड अंथरताना त्यांनी तीन फुल्या पुसल्या. मग शिडी मागवली आणि कपाटामागची पाटी दारावर चढवली. दिवसभर गिऱ्हाइकं विचारत होती, नात कुठं दिसत नाही. मास्तरीणबाई बटण लावता लावता सांगत होत्या, ती बाहेरगावच्या कामावर असते, इथलं मी सांभाळते. एका बाईसमोर सुई ओवायची वेळ आली तेव्हा त्यांनी पाठ वळवली नाही. सुई आणि दोरा तिच्याच हातात दिला. म्हणाल्या, जरा ओवून दे गं, तुझे डोळे रिकामेच आहेत.

पुढच्या गुरुवारी दुसरा सिनेमा लागला होता, मारामारीचा, नर्सच्या आवडीचा. पण तिकिटाच्या खिडकीशी नर्सच म्हणाली, तो खिडकीवाला सिनेमा अजून चालू आहे का बघा. होता, संध्याकाळच्या खेळाला, शेवटचा दिवस. चौघी पुन्हा त्याच ओळीत बसल्या. बेकरीवाली जागी राहिली, कारण मास्तरीणबाईंचं कोपर तिच्या बरगडीत होतं. मुलाखत आली तशी टपालवालीनं पुढं वाकून बघितलं, मग मागं टेकली आणि हळूच म्हणाली, पोचलं गं बाई. सिनेमा संपायला लागला तेव्हा नर्स उठली नाही. गुडघा चोळत बसून राहिली.

नावं वर सरकायला लागली. मास्तरीणबाईंना वाचता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल, आकड्यांपलीकडे त्यांची अक्षरांशी ओळख नव्हती. पण एक नाव त्यांना पाठ होतं, नातीचं. शाळेत पोरांचे झगे अदलाबदल व्हायचे म्हणून त्यांनी दहा वर्षं ते प्रत्येक खिशावर लाल दोऱ्यानं भरलं होतं. त्याचा काना कुठं येतो, वेलांटी कुठं वळते, ते त्यांच्या बोटांना माहीत होतं. माणसं उठून चालली होती, झाडूवाला दाराशी येऊन थांबला होता. त्या उभ्या राहून बोटानं हवेत एकेक अक्षर टिपत होत्या. आणि ते आलं, लांबच लांब यादीत, एका ओळीत एकटं.

त्या नाव पार वर जाईपर्यंत उभ्या होत्या. मग खाली बसल्या आणि मैत्रिणींना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"अक्षरं फार बारीक घातलीत मेल्यांनी. मी याहून मोठी भरत होते."